होडीसाठी घरी बांधलेली लिथियम बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संकेश्वरात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला आमची बारा फुटी फायबरची होडी असते. तिच्यावर आधी नुसती वल्ही होती, मग इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आली, आणि आता घरी बांधलेली लिथियम आहे. ती बांधल्यापासून दुकानात मोटर टाकायला येणारे निम्मे लोक मोटर राहू देतात आणि बॅटरीचंच विचारत बसतात. तीच उत्तरं देता देता चहा गार होतो, म्हणून एकदा लिहून काढलं.

इन्व्हर्टरची बॅटरी चालते की. लिथियमची हौस कशाला?

वजनासाठी. १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी पाण्यासकट पन्नास किलोच्या वर जाते. ती घरातनं गाडीत, गाडीतनं चिखल तुडवत होडीत, आणि संध्याकाळी तशीच परत. आम्ही दोघं भाऊ एक उन्हाळा हे करत होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात भावाची कंबर धरली आणि प्रश्न निकालात निघाला. शिवाय लेडची, म्हणजे शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी लागते, उरलेलं निम्मं वजन नुसतं वाहायचं. १०० एएचचे चार लिथियम आयर्न फॉस्फेट सेल मिळून आठ किलोच्या आसपास भरतात. डबा, सेल जोडायच्या पट्ट्या, वायर धरून अकरा-बारा किलो. एका हातानं उचलतो.

लेडचा एक गुण मात्र मानायला हवा. ती संपत आली की आधी सांगते. मोटर मंदावते, पाण्यातला आवाज बदलतो, आपण काठाकडं तोंड फिरवतो. लिथियम शेवटपर्यंत ताठ उभी असते आणि मग एकदम गप्प होते. खालच्या निम्म्या उत्तरांमागं हे एकच दुखणं आहे.

लॅपटॉपचे जुने सेल भंगारात किलोवर मिळतात. ते चालतील का?

होडीसाठी नको. लॅपटॉपमधले सेल बहुधा कोबाल्ट किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचे, ३.६ व्होल्टचे असतात. ताकद भरपूर, वजन कमी, खरं एका मर्यादेपलीकडं तापले की त्यांच्यातूनच ऑक्सिजन सुटतो आणि आग स्वतःच स्वतःला फुंकर घालत बसते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये (दुकानदार त्याला एलएफपी म्हणतात) ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, सहजासहजी सुटत नाही. म्हणजे ते पेटतच नाही असं नव्हे. फार तापलं तर तेही झडप फोडून धूर सोडतं, आणि तो धूर पेट घेऊ शकतो. पण चूक सांभाळून घ्यायला ते जास्त वेळ देतं.

हे रसायन १९९७ साली टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटानं शोधनिबंधातून मांडलं. त्या निबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. गुडइनफ यांना पुढं २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीच्या कामासाठीच विभागून मिळालं.

आणखी एक हिशेब. लॅपटॉपचा १८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाडीची, ६५ मिलिमीटर लांबीची कांडी. वापरलेल्या कांडीत दोन एएच उरले असतील असं धरलं तरी १२ व्होल्ट १०० एएचला दीडशे सेल लागतात आणि तीनशेवर वेल्ड. त्यातला एक ढिला निघाला की कुठला ते शोधत बसा. चौकोनी एलएफपी सेल चारच पुरतात.

किती मोठी बांधायची?

आधी मोटरवरचा आकडा बघा. ५५ पौंड थ्रस्टची (रेट्याची) १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीला लावायची छोटी विजेची मोटर, पूर्ण जोरात साधारण ५० अँप ओढते, ३० पौंडाची ३० अँपच्या आसपास. चार सेलचा पॅक १२.८ व्होल्टचा. १०० एएच म्हणजे १२८० वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे ठरवले तर पूर्ण जोरात दीड तास मिळतो.

आता गंमत अशी, की वेग निम्मा केला तर लागणारी ताकद निम्मी होत नाही, त्याहून कितीतरी कमी होते. कागदावरचा हिशेब आठवा हिस्सा सांगतो. मोटर आणि पंख्याची गळती धरली की तेवढं हाती लागत नाही, तरी फरक मोठा आहे. आमच्या होडीत दोन माणसं आणि जाळं असताना मधल्या वेगाला १८ ते २० अँप लागतात, म्हणजे चार तास. मधला वेग आणि पूर्ण वेग यांत काठावरच्या माणसाला फारसा फरकही दिसत नाही.

मी बॅटरीचे तीन वाटे करतो. एक जायला, एक यायला, एक वाऱ्याला. वाऱ्याचा वाटा बहुतेक दिवशी तसाच घरी येतो. येऊ दे.

१२ व्होल्ट घ्यावं, २४ की ४८?

बारा फुटी होडीला १२ पुरे. ८० पौंडाच्या पुढची मोटर असेल तर ती बहुधा २४ चीच येते, मग आठ सेल. २४ ला तेवढ्याच ताकदीसाठी अँप निम्मे लागतात आणि त्याच वायरमधली गळती चौथाईवर येते. ४८ म्हणजे ई-रिक्षाची मोटर होडीला लावायची कल्पना, दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतंच. सोळा सेलचा पॅक पूर्ण भरला की ५८ व्होल्टच्या वर जातो. ओले हात, ओली पावलं आणि तेवढा डीसी, हे मला पटत नाही.

सेल चांगले आहेत हे ओळखायचं कसं?

सेलच्या डोक्यावर क्यूआर कोड कोरलेला असतो. तो घासलेला किंवा वरनं स्टिकर मारलेला असेल तर परत करा. चारही सेलचा व्होल्टेज मल्टीमीटरवर बघा. नवे सेल अर्धवट भरून पाठवतात, ३.२८ ते ३.३० च्या आसपास असतात. चौघांतला एक ३.१ दाखवत असेल तर तो आतल्या आत गळतोय किंवा कुठंतरी वर्षभर पडून होता.

माझ्या पहिल्या खेपेला ऑनलाइन मागवलेल्या चारांतला एक सेल पोटातनं फुगलेला निघाला. नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. वाइंडिंगच्या टेबलावर आडवा ठेवून वर स्टीलची फूटपट्टी ठेवली, तर ती मधोमध टेकून दोन्हीकडनं डुलायला लागली. बाकी तिघांवर गप्प पडून होती. विक्रेता म्हणाला, थोडं फुगतंच. वापरून वापरून थोडं फुगतं हे खरं, पण न वापरलेला सेल पट्टी डुलवत नाही. बदलून घ्यायला पाच आठवडे गेले. भाव इथं लिहीत नाही, लिहिला की आठवड्यात शिळा होतो.

जुन्या स्कूटर-रिक्षाच्या पॅकमधले एलएफपी सेल घेणार असाल तर एएच मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. मोजायला यंत्र हवंच असं नाही. पॅक पूर्ण भरून जीपचे ५५ वॅटचे चार हेडलाइट बल्ब समांतर लावायचे, ते मिळून १७ अँपच्या आसपास ओढतात. १०० एएचचा चांगला पॅक पावणेसहा तास तग धरतो. चार तासांत बीएमएसनं (सेलवर नजर ठेवून वेळेवर करंट तोडणारा बोर्ड) तोडलं तर तुम्हाला ७० एएचचा माल १०० म्हणून विकला जातोय. बल्ब पत्र्यावर ठेवा, माझ्या टेबलाच्या सनमायकाला अजून चार गोल डाग आहेत.

सेल आले. लगेच एकापुढं एक जोडले तर?

चालतील, आणि चार महिन्यांनी "पूर्ण चार्जच होत नाही" म्हणून परत याल. चारांपैकी एक सेल आधी भरतो, बीएमएस तिथंच चार्जिंग तोडतो आणि बाकीचे तिघं उपाशी राहतात. म्हणून आधी सगळ्यांना एका पातळीवर आणायचं.

पद्धत अशी. आधी बीएमएस लावून पॅक साध्या चार्जरनं भरत न्या, कुठलाही एक सेल भरून बीएमएस तोडेपर्यंत. मग पट्ट्या काढून चारही सेल समांतर जोडा, सगळे प्लस एकीकडं, सगळे मायनस एकीकडं. बेंच पॉवर सप्लाय आधी, काही न जोडता ३.६५ व्होल्टवर लावा आणि मगच सेलना जोडा. इथं हमखास चूक होते. जोडल्यावर सप्लायचा आकडा खाली येऊन ३.३४ दाखवतो, माणसाला वाटतं सेटिंग हललं, तो नॉब वर करतो. शेवटी सेल भरले की आकडा थेट तुम्ही फिरवलेल्या ठिकाणी उडी मारतो. नॉबला कागदी टेप लावून टाका.

करंट कमी होत होत शून्याजवळ आला की झालं. सुरुवातीला तासन् तास काही हलत नाही आणि ३.४ ओलांडल्यावर एकदम घाईला येतं, म्हणून हे लावून झोपू नका. थेट समांतरच भरायला घेतलं तर अर्धे रिकामे चार सेल म्हणजे २०० एएच, दहा अँपच्या सप्लायवर वीस तास. आधी पॅक भरून घ्या म्हटलं ते यासाठी.

बांधताना सगळ्यात जपायचं काय?

पाना. १०० एएचच्या बऱ्याच सेलना एम-६ चे बोल्ट असतात, दहा नंबरचा पाना लागतो, आणि दहा नंबरचा पाना एका टर्मिनलपासनं दुसऱ्यापर्यंत आरामात पोचतो. माझ्या हातनं एकदा निसटला. टच् असा आवाज, निळा उजेड, आणि उचलून बघतो तर पान्याच्या जबड्यात हरभऱ्याएवढा खड्डा. फक्त १३ व्होल्ट होते. १३ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण हे सेल शॉर्टमध्ये हजारांत अँप सोडतात. त्या दिवशी पान्याच्या ठिकाणी माझी अंगठी असती तर बोट गेलं असतं. आता पान्याला तोंड सोडून सायकलची ट्यूब चढवलेली आहे, आणि काम सुरू करायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ खुंटीला.

सेलचं कवच ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यावर निळं पातळ प्लास्टिक. होडीच्या हादऱ्यानं दोन सेल एकमेकांवर घासून ते प्लास्टिक फाटलं की कवचातनं करंट जायला लागतो. म्हणून दोघांच्या मधे हायलमचा, म्हणजे वीज न जाणाऱ्या कडक शीटचा तुकडा घाला. वाइंडिंगवाल्याकडं ते कातरण म्हणून पडलेलं असतं, बेळगावात उद्यमबागेच्या आसपास कुणीही देईल. दोन्ही टोकांना १२ मिलिमीटरचं प्लायवूड आणि चार कोपऱ्यांत आटे पाडलेल्या सळ्या, म्हणजे सेल पोट काढून फुगत नाहीत. नट हातानं घट्ट करून वर थोडा पाना. उसाच्या चरकासारखं पिळायचं नाही.

पट्ट्या जोडायच्या आधी सेलचं टर्मिनल आणि पट्टी दोन्ही बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि लगेच बसवा. ॲल्युमिनियमवर हवेतच गंजाचा थर चढतो, डोळ्यांना दिसत नाही. तेवढ्या थरानं एका जोडाला एक मिलिओहम जरी वाढला तरी ५० अँपला तिथं अडीच वॅट उष्णता तयार होते, सुपारीएवढ्या जागेत. आणि बोल्ट सेलच्या कागदावर दिलेल्या टॉर्कइतकाच आवळा. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, जोर केला की सोलून येतात आणि अख्खा सेल वाया जातो. पहिल्यांदा पूर्ण जोरात दहा मिनिटं चालवल्यावर मोटर बंद करा आणि एकेका नटाला बोट लावून बघा. त्यांतला एकच गरम असेल तर तो जोड उघडा.

बीएमएस किती अँपचा घ्यावा आणि जोडायचा कसा?

५० अँपच्या मोटरला १०० चा. स्वस्त बीएमएसवर लिहिलेला आकडा थंड हवेतला असतो, बंद डब्यातला नव्हे.

आधी बीएमएसच्या बी-मायनसची (बॅटरीकडच्या टोकाची) जाड वायर पॅकच्या मायनसला. मग बारीक बॅलन्स वायरी क्रमानं, पहिली पॅकच्या मायनसला, पुढची पहिल्या सेलच्या प्लसला, असं करत शेवटची पॅकच्या प्लसला. त्यांचा प्लग बीएमएसमध्ये घालायच्या आधी मायनसपासून प्रत्येक पिन मोजा. ३.३, ६.६, ९.९, १३.२ असा जिना दिसला पाहिजे. पायरी चुकली असेल आणि प्लग घातला तर बीएमएस धूर काढून मोकळा होतो.

मोटरची काळी वायर बीएमएसच्या पी-मायनसला, म्हणजे बाहेरच्या टोकाला. ती थेट बॅटरीच्या मायनसला लावलेले दोन पॅक माझ्याकडं दुरुस्तीला आले होते. मोटर झकास चालते, फक्त मधे बीएमएस आहे हे मोटरला माहीतच नसतं, आणि एके दिवशी सेल शून्यावर जाऊन मरतात.

किती चार्ज उरलाय हे व्होल्टमीटरवर कळतं का?

नाही. लेडच्या सवयीमुळं लोक इथंच फसतात. एलएफपीचा व्होल्टेज पठारासारखा सपाट असतो. विसावलेला पॅक ७० टक्क्यांना १३.२ दाखवतो आणि ४० ला १३.१. वीस टक्क्यांच्या खाली उतार लागतो आणि शेवटी कडाच. शंटवाला मीटर घ्या, तो आत-बाहेर गेलेले एएच मोजतो. ब्लूटूथवाल्या बीएमएसमध्ये हे मोबाइलवरच दिसतं, पण मोबाइल ओल्या खिशात असतो आणि ऊन पडलं की स्क्रीन दिसत नाही. मी दोन्ही ठेवतो.

भर पाण्यात एकदम बंद पडली तर?

आमची पडली आहे. मे महिना होता. हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, ते बघायला पाहुणे आले होते. चार माणसं, वर डबे, फराळ. जागा व्हावी म्हणून मी एक वल्हं घरी ठेवलं. येताना ढग आले, समोरनं वळवाचा वारा सुटला, मी मोटर पूर्ण जोरात टाकली. दहाएक मिनिटं झाली असतील. गुणगुणणं थांबलं. बाकी काही नाही, ठिणगी नाही, वास नाही, नुसतं पाणी होडीला थापटत होतं.

मामा म्हणाला, "काय झालं रे?"

"बॅटरी बंद पडली."

"चार्ज केलास काय नाही?"

"केलोय की!"

मीटरवर ५५ टक्के होते. एका वल्ह्यानं होडी गोल गोल फिरते, पुढं जात नाही. शेवटी जेवणाच्या डब्याचं झाकण हातात घेऊन पाहुणे दुसऱ्या बाजूनं पाणी ओढायला लागले. मी डबा उघडला. तिसऱ्या सेलच्या नटाला बोट लावलं आणि चटका बसला. नट हादऱ्यानं सैल झाला होता. पूर्ण जोरात त्या एका जोडावर अर्धा व्होल्ट पडत होता, बीएमएसला वाटत होतं तिसरा सेल रिकामा झाला, आणि त्यानं इमानदारीनं तोडलं. मोटर बंद झाल्यावर व्होल्टेज सावरला, बीएमएस आपोआप परत लागला, आणि पाव जोरात आम्ही काठाला आलो. पाव जोरात अँप कमी, म्हणून जोडावरची घसरणही कमी.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या. नटाखाली स्प्रिंग वॉशर आले आणि नटावर रंगाची रेघ, हलला की रेघ मोडलेली दिसते. पॅकवर १२.४ व्होल्टला ओरडणारा बझर लावला, म्हणजे बीएमएसच्या आधी तो बोंबलतो. दोन वल्ही होडीतनं उतरत नाहीत, पाहुणे उतरतील. आणि यंदा १०० एएचच्या एका पॅकऐवजी ५०-५० चे दोन करतोय, वेगळ्या बीएमएसचे, मधे अदलाबदलीचा स्विच. वजन तेवढंच, वायरिंग थोडं जास्त. एक गेला तर दुसऱ्यावर सावकाश काठ गाठता येतो. सावकाशच, कारण अर्ध्या पॅकवर पूर्ण जोर टाकला की तोही तापतो.

फ्यूजची गरज काय, बीएमएस आहे की शॉर्टला?

बीएमएसमधले मॉस्फेट (स्विचचं काम करणारे भाग) शॉर्टमध्ये जळतात, आणि जळताना बऱ्याचदा चालू स्थितीतच चिकटून बसतात. फ्यूज हवाच, पॅकच्या प्लसपासून वीतभर अंतरात. प्लस आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कुणी वाली नसतो, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. ५० अँपच्या मोटरला ७० ते ८० चा, आणि वायर जेवढं सोसते त्याच्या आतला. फ्यूज डीसीचा घ्या. टी-क्लास मिळाला तर उत्तम, तो वीस हजार अँपचा शॉर्टसुद्धा तोडतो. घरातला एसीचा एमसीबी लावून काम भागवू नका. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी विझते, डीसीची ठिणगी ओढत राहते.

वायर किती जाडीची?

बॅटरी पुढं आणि मोटर मागं असेल तर अंतर तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. ५० अँपला १० चौरस मिलिमीटरच्या तांब्यात अर्धा व्होल्ट पडतो, १६ मध्ये एक तृतीयांश. मी १६ वापरतो. वायरच्या टोकाचा लग दाबायला हायड्रॉलिक प्रेस भाड्यानं घ्या, हातोडीनं चेपलेला लग पावसाळ्यानंतर हिरवा होतो.

डबा पूर्ण सीलबंद करू का?

पाणी आत जाऊ नये एवढा बंद, पण हवाबंद नको. सेल कधी झडप उघडून वायू सोडायला लागला तर त्याला वाट हवी. आणि हवाबंद डब्यात सकाळी थंड पाण्यावर आतल्या आत दव धरतं. डब्याच्या वरच्या बाजूला श्वास घेणारी टोपी लावा, पाणी अडवते, हवा सोडते. डबा तळाशी नको, कारण होडीच्या तळाला पाणी साचतंच. बाकाखाली फळीवर, पट्ट्यानं बांधून. होडी उलटली तर अकरा किलोचा डबा डोक्यात येऊ नये.

कधी पॅक बुडालाच तर सेल बहुधा वाचतात, बीएमएस मरतो. वाळवून लगेच चार्जिंगला लावू नका. उघडा, गोड्या पाण्यानं धुवा, आठवडाभर वाळवा, बीएमएस नवा घाला, मग प्रत्येक सेल मोजा.

इन्व्हर्टरच्या चार्जरनं चार्ज होईल का?

चार्जर १४.४ च्या आसपास थांबत असेल तर होईल. ज्यात डिसल्फेशन किंवा इक्वलाइज असं बटण आहे तो नको, तो १५ च्या वर नेतो. एलएफपीचा १४.६ व्होल्टचा वेगळा चार्जर सगळ्यात बरा. मी रोज १४ व्होल्टवरच थांबवतो, शेवटच्या थोड्या टक्क्यांसाठी सेलला ताण देत नाही. महिन्यातनं एकदा पूर्ण भरतो, बॅलन्स व्हायला.

शंभर वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ३५०-४०० वॅट-तास देतं, म्हणजे रिकामा पॅक भरायला तीन-चार दिवस. आठवड्यातनं एकदा होडी काढणाऱ्याला भरपूर. जुलैत खानापूरकडच्या लोकांनी पॅनेलकडं बघू नये.

शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायचं नसतं, आत धातू जमतो. आपल्याकडं ती भीती नाही. आपली भीती उलटी. एप्रिलमध्ये अथणीत पत्र्याच्या खोलीत ४५ च्या वर जातं, तिथं चार्जिंग लावू नका. रात्री लावा.

पावसाळ्यात होडी बाहेर काढतो. चार महिने बॅटरीचं काय?

अर्धी भरलेली ठेवा, विसावल्यावर १३.१ ते १३.२. पूर्ण भरून नको, रिकामी तर अजिबातच नको. बीएमएस आणि ब्लूटूथ थोडं थोडं खात असतात, म्हणून फ्यूज काढा आणि गणपतीत एकदा मोजा.

पेटली तर?

होडीत असाल तर पॅकपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि वेळ आलीच तर लाइफ जॅकेटसकट पाण्यात. तो धूर विषारी असतो, वाकून बघायला जाऊ नका. पावडरचं सिलिंडर ज्वाळा दाबतं, सेल थंड करत नाही. थंड करतं ते पाणी, भरपूर आणि बराच वेळ. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नाही.

परवाना लागतो का?

वल्ह्याच्या होडीला मोटर लावली की ती यांत्रिक होडी झाली. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आहे, आणि त्यात यांत्रिक होड्यांची नोंदणी आणि तपासणी आहे. जलाशयात उतरायच्या आधी पाटबंधारे खात्यात आणि मासे धरत असाल तर मत्स्य खात्यात विचारा. बीएमएसचा कागद चिनी भाषेत, खात्याचा अर्ज कन्नडात आणि डोकं चालतं मराठीत, तेव्हा जाताना कन्नड लिहिणारा कुणीतरी सोबत न्या. राकसकोप जलाशयातनं बेळगावला पिण्याचं पाणी जातं, तिथला विचार सोडून द्या.

पुरात ही होडी उपयोगी पडेल?

नाही. २०१९ च्या ऑगस्टनंतर चिकोडी-कागवाडकडच्या पुष्कळांनी हे विचारलं, २०२१ च्या जुलैनंतर परत विचारलं. ट्रोलिंग मोटर संथ पाण्यात माणसाच्या भरभर चालीएवढा वेग देते. कृष्णेचा पूर त्याहून जोरात वाहतो आणि त्यात ऊस, पाचट, तारांचं कुंपण असं सगळं येतं, दोन मिनिटांत पंखा गुंडाळतो.

गुऱ्हाळाच्या काहिलीला मोटर बसेल का?

हे खरंच विचारलंय एकानं. काहील गोल आहे, मोटर लावली की जागच्या जागी गिरकी घेईल. वर लोखंडाची, प्लसची वायर सोलली की अख्खी काहील गरम. गूळच करा तिच्यात.

सेल संपले की टाकायचे कुठं?

कचऱ्यात नाही, भंगारवाल्याच्या हातोडीखालीही नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं त्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तोवर टर्मिनलला टेप लावून सावलीत ठेवा.

तुम्ही बांधून द्याल का?

नाही. सेल घेऊन दुकानात या, टेबल आणि मल्टीमीटर माझा, पाना तुमच्या हातात. मी शेजारी बसून नटं मोजतो. पाण्यात नट सैल झाला तर तो कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक हवं, मला असून काय उपयोग. दुपारी तीननंतर या, आणि अंगठी घरी काढून या.